अंगणातला घुमट: आठ फुटी वेधशाळा घरच्या घरी

खड्डा खणायला आलेल्या गवंडीमामांनी टेप लावायच्या आधीच विचारलं, "भाऊ, मंदिर का टाकी?" दोन्ही नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. पण घुमट फिरणार आहे हे कळल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी वाचलेल्या कुठल्याही माहितीत नव्हता: "फिरणार म्हणजे वरची कड एका लेव्हलला पाहिजे. आणि गोल तर एकदम गोल. ते कोण करणार?"

सगळं काम या दोन गोष्टींवर अडतं. गोल आणि लेव्हल. तारे, दुर्बीण, फोटो हे सगळं नंतर. घुमट बांधणं हे गवंडी, फॅब्रिकेटर आणि पत्र्याचं काम करणारा या तिघांकडून काम काढून घेण्याचं प्रकरण आहे, आणि नाशिकमध्ये हे तिघे सहज मिळतात.

खाली दिलेली मापं २.४ मीटर, म्हणजे साधारण ८ फूट व्यासाच्या घुमटाची आहेत. यात विषुववृत्तीय माउंटवरची (म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षावर ताऱ्यांबरोबर फिरणाऱ्या बैठकीवरची) ६ ते ८ इंची परावर्तक, म्हणजे आरशाची दुर्बीण बसते आणि एक माणूस आरामात, दोन माणसं भांडत मावतात. डॉबसन पद्धतीची दुर्बीण असेल तर तिचा अक्ष जमिनीलगत असतो, भिंत आडवी येते. तिच्यासाठी हा आराखडा जसाच्या तसा वापरू नका.

आणि एक प्रामाणिक गोष्ट आधीच. सरकतं छप्पर निम्म्या कष्टात होतं. पण त्याला छपराएवढीच मोकळी जागा शेजारी लागते, आणि छप्पर सरकलं की वारा आणि रस्त्यावरचे पांढरे एलईडी दिवे थेट अंगावर येतात. माझ्या कुंपणापासून तीस फुटांवर असा एक दिवा आहे. घुमटाचा निर्णय त्या दिव्याने घेतला.

जागा, आणि खरी उत्तर दिशा

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २० अंशांवर दिसतो. शेजारची दुमजली इमारत त्याला सहज झाकते. उत्तरेला ध्रुव दिसेल आणि दक्षिण शक्य तितकी खालपर्यंत उघडी राहील अशी जागा निवडा. अगस्त्य आपल्याकडे जास्तीत जास्त १७ अंश वर येतो, त्रिशंकू म्हणजे दक्षिणेचा क्रॉस १० अंशांच्या आसपासच राहतो. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास तो दक्षिणेला बरोबर उभा असतो. माझा प्लॉट पाथर्डी गावाच्या पुढे आहे. शहराचा उजेड उत्तरेला पडतो आणि दक्षिण त्यामानाने काळी राहते, हे नशीब. मखमलाबाद किंवा म्हसरूळच्या बाजूला राहणाऱ्यांना नेमकं उलटं मिळेल.

उत्तर दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका, जवळच्या लोखंडाने ते बहकतं. गवंड्याचा ओळंबा घ्या, तिकाटण्याला टांगा आणि मध्यान्हीला त्याची सावली आखा. नाशिकची मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्याने सूर्य इथे सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी डोक्यावर येतो. त्यातही वर्षभर फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२.१८, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२.४९. २५ डिसेंबरला मात्र १२.३५ धरलं तर चुकत नाही. त्या क्षणी दोरीची सावली ही खरी उत्तर-दक्षिण रेषा. ती चुन्याने नाही, दोन खुंट्या ठोकून पक्की करा. चुना पहिल्याच दिवशी मजुरांच्या पायाखाली जातो.

महापालिकेच्या हद्दीत असाल तर बांधकाम सुरू करण्याआधी परवानगीची चौकशी करून ठेवा. कामाला दिवाळीनंतर हात घालावा, म्हणजे माती वाफशावर आलेली असते आणि मृगाच्या आधी सगळं झाकून होतं.

खांब

इथे घाई करू नका. दुर्बीण ज्या खांबावर उभी राहते तो खांब घुमटापेक्षा महत्त्वाचा आहे.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत उभा केलेला खांब दर ऋतूत किंचित कलतो, आणि माउंट ध्रुवाला लावण्याची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून खोली फुटात ठरवू नका. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणा. माझ्याकडे तो साडेचार फुटांवर लागला. काही ठिकाणी दोन फुटांवर थेट काळा पाषाण लागतो, तसं झालं तर देवाचे आभार माना.

खड्डा ३ फूट बाय ३ फूट. तळाला ४ इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), त्यावर १२ मिलिमीटर बारची जाळी आणि फुटभर जाडीचं काँक्रीट. त्यातून ६ बार उभे काढून त्यांना ८ मिलिमीटरच्या रिंगा बांधायच्या. सेंट्रिंगसाठी १० इंची पीव्हीसी पाइप उत्तम: ओळंब्यात उभा करा, आत काँक्रीट भरा, पाइप तसाच राहू द्या. माल १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी), पाणी कमी. भरताना बारने ठोसत राहा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. वरच्या तोंडाशी फाउंडेशन बोल्ट बसवताना माउंटच्या प्लेटची भोकं पाडलेली प्लायवूडची फर्मा वापरा. डोळ्यांच्या अंदाजाने लावलेले बोल्ट कधीच जुळत नाहीत. मग २१ दिवस गोणपाट गुंडाळून पाणी.

खांबाची उंची ठरवताना एकच नियम: माउंटचे दोन्ही अक्ष जिथे छेदतात तो बिंदू घुमटाच्या कड्याच्या (घुमटाच्या तळाचं, चाकांवर फिरणारं लोखंडी वर्तुळ) पातळीत आणि बरोबर मध्यावर यायला हवा. माझ्या रचनेत कडं जमिनीपासून १.३५ मीटरवर आहे आणि माउंट स्वतः ४० सेंटिमीटर उंची खातो, म्हणून खांब ९५ सेंटिमीटर. तुमचा माउंट मोजा.

नाशिकपुरती एक मेख इथे आहे. २० अंशांवर माउंटचा ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा झोपतो, आणि काउंटरवेटचा (दुर्बिणीचा भार तोलणाऱ्या वजनाचा) दांडा खाली येताना खांबाच्या डोक्यावर आपटू शकतो. जाड खांब म्हणजे चांगला खांब हे खरं, पण त्याचं वरचं टोक बारीक हवं. मी काँक्रीट ७५ सेंटिमीटरवर थांबवलं आणि वर ५ इंची लोखंडी पाइपचा २० सेंटिमीटरचा तुकडा दोन्ही बाजूंनी प्लेट लावून बसवला.

आता माझी फजिती. खांब आणि फरशीचा कोबा यांच्यात एक इंच मोकळी फट ठेवायची असते, म्हणजे चालण्याची कंपनं खांबात जात नाहीत. मी ते सांगितलं होतं, थर्मोकोलही आणून ठेवलं होतं. दुपारी जेवायला गेलो आणि परत येईपर्यंत कोबा खांबाला भिडवून, वर सफाईदार गोलाई देऊन तयार! "फट बरी दिसत नाही," हे कारण. तेव्हा मीही म्हटलं, एवढ्याने काय होतंय. पहिल्याच रात्री शनी लावला, मुलगी आत आली आणि तिच्या प्रत्येक पावलागणिक शनी कड्यांसकट उडी मारायचा. दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन खांबाभोवती इंचभर फट खोदत बसलो. त्यात आता कोरडी वाळू आहे.

भिंत

भिंत गोल बांधायची, साडेचार इंची विटांची. खांबाच्या मधल्या बोल्टला तार अडकवून फिरवली की प्रत्येक थराला गोलाई तपासता येते. प्लास्टर धरून बाहेरची त्रिज्या १.१७५ मीटरच्या वर जाऊ देऊ नका, कारण घुमटाचा पत्रा १.२ मीटरवरून खाली झालरीसारखा लोंबणार आहे आणि त्याला भिंतीपासून इंचभर मोकळीक हवी. उंची १.२५ मीटर. शेवटचा थर विटांचा नको, ४ इंची आरसीसी पट्टा हवा. चाकांचे बोल्ट विटेत धरत नाहीत.

दार कड्याच्या खालीच संपतं, म्हणजे चार फुटांचं. गाभाऱ्यात शिरताना वाकतो तसं वाकून आत जायचं. माझ्या डोक्याला पहिल्या महिन्यात तीन टेंगळं आली, मग सवय झाली.

पट्ट्याची लेव्हल काढायला लेझरची गरज नाही. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते, फक्त तिच्यात बुडबुडा राहिलेला नाही हे बघा. आठ ठिकाणी खुणा करा. फरक २ मिलिमीटरच्या आत आणा.

सांगाडा

गवंड्याशी फुटात बोला, फॅब्रिकेटरशी मिलिमीटरमध्ये. अंबड आणि सातपूरच्या वसाहतींत रोलिंग मशीन असलेले छोटे कारखाने भरपूर आहेत, पण मला खरी मदत झाली ती पॉलिहाऊस उभारणाऱ्या एका फॅब्रिकेटरची. कमानी वाकवणं हा त्या लोकांचा रोजचा धंदा. त्यांना घुमट म्हणजे काय हे समजवावं लागत नाही, त्रिज्या सांगितली की पुरे.

कडं ५० × ५० × ५ च्या अँगलचं, बाहेरून १२०० मिलिमीटर त्रिज्येचं. एक पाख आडवं आतल्या बाजूला (ते चाकांवर चालणार), दुसरं उभं (त्याला पाकळ्या, म्हणजे घुमटावरचे पत्र्याचे निमुळते तुकडे लागणार). परीघ ७.५४ मीटर होतो आणि अँगल ६ मीटरचा येतो, म्हणून दोन अर्धी वर्तुळं. रोलिंगमध्ये दोन्ही टोकांचा वीतभर भाग सरळच राहतो. प्रत्येक अर्ध्यासाठी ४.१ मीटरचा तुकडा द्या आणि सरळ टोकं कापून टाका. जोडायच्या आधी कारखान्याच्या फरशीवर खडूने पूर्ण वर्तुळ काढा आणि कडं त्यावर ठेवून बघा. चार दिशांनी व्यास मोजा, ५ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर पुन्हा मशीनवर.

त्यानंतर दोन मुख्य कमानी. या एकमेकींना समांतर, ६०० मिलिमीटर अंतरावर, कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोक्यावरून जातात. त्यांच्यामधली जागा म्हणजे आकाश बघायची फट. माझी चूक इथे झाली. मी सगळ्या पाइपांना १२०० ची त्रिज्या लिहून दिली. पण कमान मध्यापासून ३०० मिलिमीटर बाजूला सरकलेली असते, म्हणून तिची त्रिज्या १२०० चा वर्ग वजा ३०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ११६२ येते. माझ्या दोन्ही कमानी ३८ मिलिमीटर वर डोकावत उभ्या राहिल्या, बैलाच्या वशिंडासारख्या. फॅब्रिकेटर शांतपणे म्हणाला, "दादा, ड्रॉइंग तुमचंच आहे." पाइप नवे आणावे लागले.

कमानी आणि फासळ्या २५ × २५ चौकोनी पाइपच्या, १.६ मिलिमीटर जाडीच्या. फटीच्या प्रत्येक बाजूला पाच पाकळ्या, म्हणजे मध्ये चार फासळ्या, दोन्हीकडच्या मिळून आठ. फासळ्या कळसापर्यंत न जाता कमानीला टेकून संपतात. त्यांतल्या चार साधारण १.४५ मीटरच्या आणि चार १.५७ मीटरच्या, त्रिज्या १२००. दहा सेंटिमीटर जास्तीच घ्या आणि जागेवर कापा. कळसाशी बारा टोकं एकत्र आणण्याची कसरत या रचनेत वाचते, आणि गळण्याची सगळ्यात मोठी जागाही.

वेल्डिंग समोरासमोर टाके मारत करा. एका बाजूने सलग ओढलं तर कडं तापून अंडाकृती होतं. जीआय पाइप असेल तर जोडाच्या जागची जस्ताची कल्हई आधी ग्राइंडरने काढा. तिचा धूर छातीला वाईट. हे काम उघड्यावरच. नंतर रेड ऑक्साइड आणि दोन हात ऑइलपेंट.

पाकळ्या

१ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. फायबरचा घुमट दिसायला देखणा, पण त्याला साचा लागतो आणि एकाच घुमटासाठी साचा करणं परवडत नाही.

२.४ मीटर व्यास मी उगाच निवडलेला नाही. या मापाच्या दोन पाकळ्या उलटसुलट ठेवल्या की ८ × ४ फुटी एका पत्र्यात बरोबर बसतात. दहा पाकळ्यांना पाच पत्रे, कमानींमधली मागची बंद पट्टी आणि फटीच्या झाकणांना आणखी दोन. ३ मीटरचा घुमट घेतलात तर एका पत्र्यात एकच पाकळी बसेल आणि भंगारवाला खूश होईल.

पाकळी आखायची अशी. मधोमध १८८५ मिलिमीटरची रेघ काढा, दर ३१४ मिलिमीटरवर खूण करा. तळापासून प्रत्येक खुणेवर रुंदी: ६२८, ६०७, ५४४, ४४४, ३१४, १६३ आणि टोकाला शून्य. खुणा लवचीक पट्टीने जोडा आणि दोन्ही कडांना २५ मिलिमीटर जास्तीचे ठेवा. फासळ्यांमध्ये पत्रा सरळ ताणला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात काही मिलिमीटर कमीच लागतात. ते या जास्तीच्या पट्टीत जिरतात. आधी पुठ्ठ्याची एक पाकळी कापून सांगाड्यावर पाचही जागी धरून बघा. कमानीलगतच्या पाकळ्यांचं डोकं तिरकं कापावं लागेल, ते पुठ्ठ्यावरच कळतं.

अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडले की ओलाव्यात गंजतात, म्हणून मध्ये ब्युटिल टेप. दर ७५ मिलिमीटरला अ‍ॅल्युमिनियमचा पॉप रिव्हेट. प्रत्येक जोडावरून पीयू सीलंटची रेघ. तळाला झालर म्हणून १५० मिलिमीटर रुंदीची पट्टी कड्याभोवती फिरवा, म्हणजे चाकांची फट झाकली जाते आणि आडवा पाऊस आत येत नाही.

बाहेरून पांढरा रंग, आतून काळा मॅट. बाहेरून चंदेरी ठेवण्याचा मोह होईल, पण नाशिकच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात त्याची भट्टी होते.

फट आणि झाकण

आपल्या अक्षांशावर फट कळसाच्या पलीकडे गेलीच पाहिजे. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ इथे अगदी डोक्यावरून जातो, कृत्तिका डोक्यापासून जेमतेम चार अंश उत्तरेला. फट कळसावरच संपवलीत तर हिवाळ्यातल्या आकाशाचा सगळ्यात चांगला तुकडा पत्र्याआड जाईल. मी ती १७ अंश, म्हणजे ३४५ मिलिमीटर पुढे नेली आहे.

झाकणाचे दोन भाग. खालचा ३५ अंशांचा, बिजागरीवर बाहेर पडणारा. वरचा ७२ अंशांचा, कमानींवरून मागे सरकणारा. एकसंध झाकण केलंत तर मागे सरकवल्यावर ते कड्याच्या खाली लोंबेल आणि भिंतीला अडेल. हा हिशेब कागदावर करून बघा. कमानींच्या कडेला पत्रा इंचभर उभा वळवा आणि झाकणाची कड त्यावरून खाली वळवा, पोहे ठेवायच्या डब्यासारखी. रबरी गॅस्केटपेक्षा हे डब्याचं झाकण जास्त टिकतं.

६०० ची फट आणि ८ इंची आरसा असेल तर क्षितिजाकडच्या ताऱ्याला सव्वा तासभर घुमट हलवावा लागत नाही. डोक्यावरच्या ताऱ्याला मात्र सारखा हात लावावा लागतो. मोटरच्या भानगडीत पडू नका, आतून दोन हँडल पुरतात.

चाकं आणि वारा

चाकं भिंतीवर, तोंड वर करून बसवायची. कडं त्यांच्यावरून फिरतं. ७५ मिलिमीटरची आठ फिक्स कॅस्टर, नायलॉन किंवा पॉलियुरेथेनची. रबराची घेतलीत तर एका जागी दबून चपटी होतात आणि घुमट बैलगाडीसारखा धडधडत फिरतो. प्रत्येक चाकाचा आस बरोबर केंद्राकडे रोखलेला हवा. खांबापासून दोरी ताणून तपासा. चाकांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून शेवटची लेव्हल काढायची. घुमट चढवल्यावर प्रत्येक चाक बोटाने फिरवून बघा. जे मोकळं फिरतं ते भार घेत नाहीये. आतून कड्याच्या उभ्या पाखाला टेकणारी ६२०२ नंबरची चार बेअरिंग आडवी लावली की घुमट बाजूला सरकत नाही.

चढवायला सहा माणसं लागतात. वजन ८० किलोच्या घरात आहे, पण धरायला जागा नाही.

आणि हेच ८० किलो वाऱ्यापुढे काहीच नाहीत. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो पडतो. घुमटाच्या साडेचार चौरस मीटरवर तो पूर्ण लागला तर १३५ किलो होतात. मेमधल्या वळवाच्या वादळात पत्रे उडताना आपण पाहिलेच आहेत. म्हणून भिंतीच्या आतून चार जागी एल आकाराचे पंजे कड्याच्या आडव्या पाखावर आणून ठेवा, ५ मिलिमीटर मोकळीक देऊन, म्हणजे फिरताना अडत नाहीत आणि उचलू मात्र देत नाहीत. निघताना दोन साखळ्या टर्नबकलने कसून टाका. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्या. वादळ दिसलं की आत थांबू नका.

रंग वाळल्यावर, पावसाची वाट न बघता, एका दुपारी बागेचा पाइप घेऊन घुमटावर सगळीकडून पाणी मारा आणि एकाला आत खडू घेऊन बसवा. आमच्याकडे मुलगी बसली. तिने अकरा ठिकाणी फुल्या मारल्या, त्यातल्या नऊ एकाच कमानीवर.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आकाश जवळपास बंदच असतं. दुर्बिणीची नळी घरात आणा, आरशावर बुरशी धरते. माउंटवर सुती कापड टाका, प्लास्टिक नको. फटीचं तोंड ईशान्येला करून ठेवा, पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. दर पंधरा दिवसांनी एखाद्या उघडिपीत साखळ्या सोडून घुमट पाव फेरा फिरवा, चाकांच्या आसांना तेलाचा थेंब द्या, आणि परत ईशान्येला आणून बांधा.